बारावी जागा

निवृत्तीला आठ महिने उरले तेव्हा लिफ्टकाकांनी एक जाड वही आणली आणि तिच्यात रेघा मारून पाच रकाने पाडले. पाणी, माती, रस्ता, दवाखाना, भाव. लिफ्टकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं. चौतीस वर्षं ते एकाच कंपनीत लिफ्ट दुरुस्तीचं काम करत होते. पोरांचं ऐकून मोठी माणसंही त्यांना काका म्हणू लागली आणि ओघानेच त्यांची बायको काकू झाली. काकू घरी बसून कपड्यांची दुरुस्ती करायच्या. झिपा बदलायच्या, बाह्या आखूड करायच्या, जाड झालेल्या गिऱ्हाइकांच्या पँटी कमरेत सैल करून द्यायच्या आणि त्याबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. म्हणून त्यांना काम कधी कमी पडलं नाही.

काकांची नोकरी सगळी दोन भिंतींमधल्या अंधाऱ्या पोकळीत गेली. डोक्यावर यंत्र, पायाखाली खड्डा, शेजारी लोंबणारे पोलादी दोर. बरं, घरी यावं तर घर चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्टच नाही. यावरचे शेजाऱ्यांचे विनोद त्यांना पाठ झाले होते. आता त्यांना एवढंच हवं होतं की सकाळी दार उघडलं की पाय मातीत पडावा. पुढे हातभर शेत असावं, वाटाणे लावावेत, कांदे लावावेत, पाचसहा कोंबड्या पाळाव्यात. पेन्शनीत शहरातलं भाडं झेपणार नव्हतं, त्यामुळे लांब कुठेतरी स्वस्तात घर बघायचं हे दोघांनाही मान्य होतं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. अडवायला कुणी नव्हतं.

तरी घोडं पेंड खात होतं, आणि कुठे खात होतं तेच काकांना कळत नव्हतं.

दर रविवारी ते जुनी गाडी काढायचे. काकू डबा भरून घ्यायच्या. गावोगाव फिरून दहा जागा बघून झाल्या, आणि दहाही काकूंनी नाकारल्या. नुसतं नको म्हणाल्या असत्या तर काकांनी समजून घेतलं असतं. पण त्यांची कारणं मोठी विचित्र असायची. एका ठिकाणी गोड्या पाण्याचा हातपंप होता. काकूंनी दोनदा हापसून बघितला आणि म्हणाल्या, "दांडा जड आहे."

"मी आहे ना हापसायला," काका म्हणाले.

काकूंनी हात पुसले आणि गाडीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या एका गावी घर टुमदार, माती काळीभोर. पण तिथून शेवटची बस दुपारी दोनला सुटत होती. "आपली गाडी असताना बस कशाला हवी?" काकांनी विचारलं. काकू गाडी चालवत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "असू दे, नकोच." तिसऱ्या गावात सगळं जमलं, अगदी भावसुद्धा, तर म्हणे तिथला किराणावाला फक्त काकांशीच बोलत होता. काकूंनी साखरेचा भाव विचारला तरी त्याने उत्तर काकांकडे बघूनच दिलं.

"अगं, आपण दुकानदाराशी सोयरीक करायला आलोय का?"

"रोज जायचंय त्याच्याकडे."

काकांनी हात टेकले. वहीत त्या जागेवर काट मारली आणि कारणाच्या जागी 'किराणा' असं लिहिलं.

अकराव्या जागेने मात्र त्यांचं काळीज काबीज केलं. एजंट त्यांना पाऊण तास कच्च्या रस्त्याने घेऊन गेला. डोंगराच्या कुशीत दोन खोल्यांचं दगडी घर, मागे फळझाडं, कुंपणाला खेटून बारा महिने वाहणारा ओढा. "काका, निसर्ग याहून स्वस्तात मिळायचा नाही," एजंट म्हणाला, आणि एजंट असूनही तो खरं बोलत होता. काकांनी ओढ्यात हात घालून बघितला. पाणी गार होतं. चौतीस वर्षं आपण या पाण्यासाठीच त्या पोकळीत लोंबकळत होतो असं त्यांना वाटून गेलं.

काकू घराभोवती एक चक्कर मारून आल्या. मग कुंपणाशी उभ्या राहून त्यांनी चारी दिशांना बघितलं. दुसरं घर दिसत नव्हतं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण नको."

एजंटसमोर काकांनी नुसती वही मिटली. गाडीत बसल्यावर मात्र त्यांचा तोल गेला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, त्यात ते असे पाचसहा वेळाच बोलले असतील. "तुला यायचंच नसेल तर सरळ सांग. दर रविवारी माझं पेट्रोल आणि तुझं नको. पालथ्या घड्यावर पाणी ओततोय मी."

"यायचंय मला."

"मग घोडं अडतंय कुठे?"

काकूंनी खिडकीबाहेर बघितलं. शेवटी हमरस्त्याला लागल्यावर काकांना चहाची तल्लफ अनावर झाली आणि एका फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली. तीसचाळीस घरांची वस्ती, एक चहाची टपरी, एक शाळा आणि एक जनावरांचा दवाखाना. दवाखान्याच्या फाटकावर खडूने लिहिलेली पाटी होती. 'शेजारची जागा विकणे आहे. चौकशी आत. जनावर बरोबर असल्यास आधी जनावर.'

काकू पाटी वाचून हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच. "बघून येऊ या?"

काकांना खरं तर जिवावर आलं होतं, पण नाही म्हणायचं तर पुन्हा भांडण. ते मुकाट्याने काकूंच्या मागोमाग गेले.

आत एक पंचावन्नच्या आसपासची बाई मेंढीच्या पायाला पट्टी बांधत होती. गमबूट, वर केलेल्या बाह्या, आणि पँटीला गुडघ्यावर जाड सुतळीची शिवण. ही गुरांची डॉक्टरीण. मेंढी मोकळी झाल्यावर तिने हात धुतले आणि दोघांना शेजारी नेलं. जागा तिच्या भावाची होती. भाऊ परदेशी जाऊन स्थायिक झाला होता. अर्धा एकर रान, त्यात गुडघाभर काटेरी झुडपं, आणि मध्ये पत्र्याच्या छपराचं जुनं गोदाम. त्यात पूर्वी गुरांची पेंड ठेवायचे. गोदामाच्या एका टोकाला दोन खोल्या आणि मोरी काढलेली होती. समोर हमरस्ता. मागे बघायला काही नाही, सपाट रान आणि विजेचे खांब.

"दोष आधी सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहाटे पाचपासून ट्रक सुरू होतात. पावसात मागची भिंत पाझरते. पाणी बोअरचं, तुमचं-माझं एकच, पण जड आहे, साबणाला फेस येत नाही. माती बरी आहे, मेहनत केली तर देते. आणि पेंडीचा वास अजून दोन वर्षं जायचा नाही."

काकांनी वहीसुद्धा उघडली नाही. काकू मात्र प्रश्नावर प्रश्न विचारत होत्या. मोटरीचं बटण कुठे आहे? फ्यूज गेला तर कोण येतं? तालुक्याला बस किती? माणसांचा डॉक्टर?

"बसगाड्या दिवसाला चौदा. माणसांचा डॉक्टर अकरा किलोमीटरवर. तो येईपर्यंत मी आहे. माणूस म्हणजे तरी काय, दोन पायांचं जनावर. तक्रार तेवढी जास्त करतं."

काकू डॉक्टरीणबाईंच्या गुडघ्याकडे बघत होत्या. "ही शिवण कुणी घातली?"

"मीच, गोणीच्या दाभणाने. इथे शिवणारं कुणी नाही. तालुक्याला टाकायचं आणि महिन्याने आणायचं."

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "मला ही जागा बघायचीय."

"आत्ता बघितलीस की."

"अशी नाही. राहून. पंधरा दिवस भाड्याने घेऊ. तुमची रजा शिल्लक आहे."

काका काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. ओढा सोडून या बाईला पेंडीचं गोदाम हवं होतं. पण हो म्हणण्याची ही पहिलीच खूण होती, आणि ती घालवायची त्यांची छाती झाली नाही.

पुढच्या महिन्यात ते दोन गाद्या, एक शेगडी आणि काकूंचं शिलाई मशीन घेऊन तिथे आले. पहिले तीन दिवस साफसफाईत गेले. ट्रक खरोखरच पाचला सुरू व्हायचे. काकांनी मोरीचा नळ बदलला, दाराच्या बिजागऱ्यांना ग्रीस लावलं, आणि मनातल्या मनात ओढ्याकाठच्या घराशी या गोदामाची तुलना करत राहिले. चौथ्या दिवशी कंपनीचा फोन आला. एका रुग्णालयातली जुनी लिफ्ट बंद पडली होती. तिच्या ब्रेकची खोड काकांशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. दोन दिवस यावं लागेल.

"चल, तूही चल," काका म्हणाले. "इथे एकटी काय करशील?"

"तुम्ही जाऊन या. मी राहते."

"अगं, पण..."

"राहते म्हटलं ना."

काका गेले. रुग्णालयाच्या लिफ्टने दोनाचे तीन दिवस घेतले. फोन केला की काकू "ठीक आहे" एवढंच म्हणायच्या. चौथ्या दिवशी दुपारी काका परतले तर दाराला कुलूप. हाका मारल्या. मशीनवर अर्धवट शिवलेली शाळेची चड्डी खिडकीतून दिसत होती. आधी ते बोअरकडे धावले, मग रस्त्याकडे, आणि शेवटी त्यांना शेजारच्या दवाखान्यातून काकूंचा आवाज ऐकू आला. काकू खाली बसल्या होत्या. मांडीवर वासराचं डोकं घट्ट धरलेलं, आणि डॉक्टरीणबाई त्याच्या कानामागे टाके घालत होत्या.

"आलात होय," काकू म्हणाल्या. "पाच मिनिटं थांबा, सोडता यायचं नाही."

संध्याकाळी दोघं गोदामाच्या पायरीवर चहा घेऊन बसले. काकूंनी तीन दिवसांचा पाढा वाचला. पहिल्याच सकाळी मोटर बंद पडली. मीटरच्या फळीवरचा फ्यूज जळला होता. काकांनी घरात हे काम त्यांना कधी करू दिलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारून तार बदलली. दुसऱ्या दिवशी एकट्या बसने तालुक्याला गेल्या, दोरे आणले, परत आल्या. शाळेच्या बाईंनी सहा चड्ड्या आणून दिल्या. एका संध्याकाळी फार भीती वाटली. कशाची ते सांगता येत नव्हतं. मग दिवा लावला, समोर डॉक्टरीणबाईंचा दिवा दिसला, तेव्हा बरं वाटलं.

"मजेत होते असं नाही," काकू म्हणाल्या. "पण राहता आलं."

"राहायचं कशाला पण एकटीने? मी काय कायमचा गेलो होतो?"

काकूंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "चार वर्षांपूर्वी तुमच्या छातीत दुखलं. तुम्हाला आत नेलं आणि नर्सने माझ्यापुढे कागद धरला, इथे सही करा म्हणून. तिथे बाकावर बसले असताना माझ्या मनात काय आलं माहितीये? आपल्या घरातला पाण्याचा मुख्य नळ कुठून बंद करतात, ते मला माहीत नाही. तुम्ही आत, आणि मी नळाचा विचार करतेय. लाज वाटली स्वतःची. पण तेव्हापासून तो डोक्यातून गेला नाही. तुम्ही माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. हिशेब साधा आहे. तुम्ही जागा बघता तेव्हा आपण दोघं तिथे राहतोय असं बघता. मी बघते तेव्हा तुम्ही नसता."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. पत्रा थरथरला.

काका उठले. त्यांना राग आला होता, आणि कुणावर ते त्यांना समजत नव्हतं. हयात असलेल्या माणसाला वजा करून ही बाई दर रविवारी घरं बघत हिंडत होती. डबा भरून. ते कुंपणापर्यंत गेले, झुडपांत उभे राहिले, पँटीला लागलेले काटे एकेक करून काढत बसले. जड दांडा, दोनची बस, किराणावाला. एकेक कारण आता सरळ उलगडत गेलं. प्रत्येक ठिकाणी आपण काय म्हणालो होतो तेही त्यांना आठवलं. मी आहे ना. आपली गाडी आहे ना.

लिफ्टचा ब्रेक विजेने बसतो असं लोकांना वाटतं. खरं तर वीज त्याला उघडा धरून ठेवते, आणि ती गेली की तो आपसूक बसतो. वीज एक ना एक दिवस जाणारच, हे धरूनच तो बनवलेला असतो. हे काकांनी चौतीस वर्षांत कितीतरी नव्या कामगारांना शिकवलं होतं, आणि त्यात कधी कुणाला अशुभ वाटलं नव्हतं.

अंधार पडायच्या आत ते परत आले. काकू मशीनवर बसल्या होत्या.

"आधी सांगायचं होतंस," काका म्हणाले. "अकरा जागांचं पेट्रोल वाचलं असतं."

"सांगून काय म्हणाला असतात?"

काकांनी विचार केला. "काहीतरी अभद्र बोलू नकोस असं म्हणालो असतो."

"म्हणून नाही सांगितलं."

मग काकांनी वही काढली, पाच रकान्यांच्या शेजारी सहावा रकाना आखला आणि विचारलं, "बोल, यात काय काय लिहायचं?" काकू सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले. जेवणाची वेळ टळून गेली तरी ते चाललं होतं.

गोदाम त्यांनी घेतलं. भाव ओढ्याकाठच्या घराहून थोडा कमीच पडला. उरलेल्या पैशात मागच्या भिंतीला बाहेरून गिलावा झाला. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात ते राहायला आले. काकांनी घरातली बटणं काकूंच्या हाताला येतील एवढी खाली घेतली, गॅसच्या टाकीला चाकाची गाडी केली, बोअरच्या झाकणाला कप्पी लावली. काकू डॉक्टरीणबाईंच्या खटारा व्हॅनवर गाडी शिकल्या. एकदा गेअर चुकून त्यांनी दवाखान्याचं फाटक पाडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुनंच होतं," आणि काकांकडून नवं करून घेतलं. वाटाणे पहिल्या वर्षी किडीने खाल्ले, दुसऱ्या वर्षी एवढे आले की वाटताना पुरेवाट झाली. पेंडीचा वास गेला नाही. त्यांना तो यायचा बंद झाला.

अशात मुलीचा फोन आला. बाळंतपण अवघड होतं, आई हवी होती. काकू सहा आठवड्यांसाठी गेल्या.

काका त्यांना बसमध्ये बसवून घरी आले आणि उंबऱ्याच्या आत उभे राहिले. इथलं बटण न बटण त्यांनी स्वतः बसवलेलं होतं. पण तांदळाचा डबा कुठला ते त्यांना ठाऊक नव्हतं. पहिले चार दिवस त्यांनी उकडलेली अंडी खाल्ली. पाचव्या दिवशी थंडी पडली आणि रजया सापडेनात. काकूंना फोन करून विचारता आलं असतं, पण ती तिकडे दवाखान्यात, तिला रजया काय विचारायच्या? ते कोट घालून झोपले. सगळ्यात वाईट दुपारी. मशीनचा आवाज नसलेलं घर त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. ते उगाच कोंबड्यांपाशी जाऊन उभे राहायचे.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कुंपणावरून त्यांना नीट निरखलं. जनावराला बघतात तसं.

"किलो-दीड किलो उतरलात. बाईंनी इथे राहून बघितलं तेव्हा तुम्ही शहरात होता, नाही का?"

"हो."

"मग तुमची चाचणी कधी झाली?"

त्या रात्री पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आलं की सगळा हिशेब एकाच बाजूने मांडला होता. काकूंनी त्यांना वजा केलं होतं, आणि त्यांनीही कबूल होऊन स्वतःला वजा केलं होतं. पण माणूस वयाच्या हिशेबाला बांधील नसतो. बाळंतीण मुलीपाशी बसलेली बाई, जागरणं, दगदग. काहीही होऊ शकतं. हा विचार त्यांना सोसवेना. पण काकूंनी असाच विचार चार वर्षं एकटीने बाळगला होता.

सकाळी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि भात कसा करतात ते विचारलं. त्यांनी सांगितलं, वर म्हणाल्या, "माझा भात गुरंच खातात. शाळेच्या बाईंना विचारा." काका शाळेत गेले. बाईंनी भात शिकवला, बटाट्याची भाजी शिकवली, आणि बदल्यात शाळेच्या घंटेचा तुटलेला दोर बांधून घेतला. मग शाळेचे बाक आले, मग टपरीवाल्याची कलती फळी, मग कुणाचा तरी उसाचा चरक. दुपारी भरून निघाल्या असं नाही. तासभर कमी झाल्या. रजया तेविसाव्या दिवशी सापडल्या. मशीनखालच्या पेटीत होत्या.

सहा आठवड्यांनी काकू चारच्या बसने आल्या. चेहरा ओढलेला, पण खूश. नातीचा जन्म सुखरूप झाला होता. काकांनी ताट वाढलं. भाजीत मीठ चढलं होतं. काकूंनी पाणी पीत पीत सगळी संपवली आणि काही म्हटलं नाही. लोकांच्या वाढलेल्या कमरांबद्दल त्या बोलायच्या नाहीत, तशाच.

"कसे राहिलात?" त्यांनी विचारलं.

'मजेत' हा शब्द काकांच्या अगदी ओठावर आला होता. "पहिले दहा दिवस फार वाईट," ते म्हणाले. "नंतर कमी वाईट."

काकूंनी मान हलवली. त्यांचा हात काही वेळ काकांच्या मनगटावर राहिला. मग त्यांनी पिशवी उघडून नातीचा फोटो काढला, आणि नाक कुणाचं यावरून दोघांचं जे सुरू झालं ते कोंबड्या आत घालायची वेळ झाली तरी मिटलं नाही.